सहाव्या जागेवरचं व्हॅलीन



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत मराठीतून विज्ञान शिकवलं. त्यांच्या व्यासपीठावरून जनुकांविषयी बोलताना विषय सोपा करावा, पण पातळ करू नये, एवढं पथ्य मी पाळणार आहे. माणसाच्या शरीरात प्रथिनं घडवणारी जनुकं सुमारे २०,००० आहेत. त्यांतल्या एकाच जनुकाविषयी मी आज बोलेन. ते अकराव्या गुणसूत्रावर असतं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग घडवतं. त्याच्या एका बदललेल्या रूपामुळे विदर्भातल्या आणि सातपुड्यातल्या कितीतरी घरांत सिकलसेलचं दुखणं आलं. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार या भागांत ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही ठाऊक असतात. मात्र या शब्दांच्या सोबतीने एक समजूतही गावोगाव पोचली आहे, की या माणसांचं रक्तच खराब. या समजुतीने लग्नं मोडतात आणि माणसं तपासणीला यायला बिचकतात. ती साफ चुकीची आहे. का चुकीची, हे सांगायला मला प्रथिन, जनुक आणि उत्क्रांती या तिन्ही गोष्टी लागणार आहेत.

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. मी बोलतो आहे ते आपल्या पेशींनी घडवलेल्या प्रथिनांविषयी. अन्न पचवणं, स्नायूंचं आकुंचन, जंतूंशी लढणं, ऑक्सिजन वाहून नेणं ही सगळी कामं तीच करतात. हिमोग्लोबिन घ्या. एका तांबड्या पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा, दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फा साखळीत १४१ अमिनो आम्लं एकामागून एक जोडलेली असतात, बीटा साखळीत १४६. अमिनो आम्लांचे प्रकार वीसच. काहींना पाणी मानवतं, काही तेलकट वृत्तीची असतात आणि पाण्यापासून दूर पळतात. साखळी तयार होताच तेलकट अमिनो आम्लं आत दडू पाहतात, बाकीची बाहेर येतात आणि साखळी आपोआप ठरावीक घडीत बसते. त्या घडीत लोहाचा एक अणू धरून ठेवायला जागा तयार होते आणि ऑक्सिजन त्या लोहाला येऊन चिकटतो. म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम ठरला की घडी ठरते, आणि घडी ठरली की काम ठरतं.

हा क्रम जिथे साठवलेला असतो तो डीएनएचा तुकडा म्हणजे जनुक. डीएनएची अक्षरं चार: ए, टी, जी, सी. तीन अक्षरांचा एक गट एका अमिनो आम्लाची खूण असतो. कोणता गट कोणत्या अमिनो आम्लाचा, हे कोडं १९६१ नंतरच्या पाच-सहा वर्षांत सुटलं. ते सोडवण्याबद्दल १९६८ साली ज्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळालं त्यांत पंजाबातल्या रायपूर या खेड्यात जन्मलेले हरगोविंद खुराना होते. जनुक स्वतः पेशीच्या केंद्रकातून बाहेर पडत नाही. सातबाराचं मूळ दप्तर तलाठ्याकडे राहतं आणि बाहेरच्या व्यवहाराला आपण उतारा काढून नेतो, तसा जनुकाचा आरएनएमध्ये उतारा निघतो, त्यातला मधला अनावश्यक मजकूर गळतो आणि उरलेला वाचून केंद्रकाबाहेर प्रथिनाची साखळी जोडली जाते.

इथे दोन गोष्टींकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. पहिली, जनुकात फक्त एक क्रम असतो. ‘निरोगी’, ‘आजारी’, ‘उंच’, ‘हुशार’ असं काही त्यात लिहिलेलं नसतं. त्या क्रमाचं प्रथिन, त्या प्रथिनाचं शरीरातलं वागणं आणि त्या शरीराभोवतीची परिस्थिती, एवढी वाट चालून गेल्यावर कुठे आपल्याला ‘गुण’ किंवा ‘रोग’ दिसतो. दुसरी, बीटा साखळीचं जनुक आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं, डोळ्यात आणि यकृतातही. पण ते वाचलं जातं ते अस्थिमज्जेत तांबड्या पेशी तयार होताना. पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत तर केंद्रकच उरत नाही. रक्तात फिरणाऱ्या ज्या पेशीवरून आपण सिकलसेल ओळखतो, तिच्यात ते जनुक नसतं, त्याने घडवलेलं प्रथिन तेवढं असतं.

आता या पेशीची हकिकत. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी एका रुग्णाचा अहवाल प्रसिद्ध केला. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला तो तरुण होता. त्याच्या रक्तातल्या काही तांबड्या पेशी गोल नव्हत्या, विळ्यासारख्या वाकड्या होत्या. पुढे दिसून आलं, की ऑक्सिजन सोडून दिल्यावर या पेशी वाकड्या होतात आणि तो परत मिळाला की बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाने १९४५ साली एका वैद्यकाकडून हे ऐकलं आणि त्याच्या मनात आलं, की दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूतच असणार. १९४९ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी आणि सिकल अशी दोन्ही प्रकारची हिमोग्लोबिनं विजेच्या क्षेत्रात ठेवली. ती वेगवेगळ्या गतीने सरकली, म्हणजे दोन रेणूंवरचा विद्युतभार वेगळा होता. ज्यांना दोन्ही पालकांकडून सिकलचं जनुक मिळालं होतं त्यांच्यात एकाच प्रकारचं हिमोग्लोबिन सापडलं, आणि वाहकांमध्ये, म्हणजे ते एकाच पालकाकडून मिळालेल्यांत, दोन्ही. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयात ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ म्हणून जी तपासणी होते आणि जिच्यावरून एएस की एसएस हे सांगतात, तिचं तत्त्व हेच.

पण भार वेगळा का? हे शोधलं व्हर्नन इनग्राम यांनी. नाझी जर्मनीतून मुलगा असताना निसटून इंग्लंडला आलेले हे शास्त्रज्ञ केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांनी ट्रिप्सिन या पाचकरसाने हिमोग्लोबिनचे लहान तुकडे केले, कागदावर ते एका दिशेने विजेने आणि दुसऱ्या दिशेने द्रावकाने पसरवले आणि रंग देऊन पाहिले. सुमारे तीस ठिपके उमटले. निरोगी आणि सिकल हिमोग्लोबिनचे ठिपके जागच्या जागी जुळले, फक्त एक सोडून. त्या एका तुकड्यात, बीटा साखळीच्या सहाव्या जागेवर, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन होतं. ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो, व्हॅलीनवर नसतो, म्हणून पॉलिंगचे रेणू वेगळ्या गतीने सरकले होते. जनुक बदललं की प्रथिनातलं नेमकं अमिनो आम्ल बदलतं, हे कोणत्याही सजीवात १९५६-५७ पर्यंत कुणी असं बोट ठेवून दाखवलं नव्हतं. जनुकाच्या अक्षरांत हा बदल जीएजी या गटाचा जीटीजी होण्याइतकाच आहे. मधलं एकच अक्षर.

या एका अक्षराने काय होतं ते पाहा. व्हॅलीन तेलकट आहे आणि सहावी जागा रेणूच्या पृष्ठभागावर आहे. रेणूने ऑक्सिजन सोडला की त्याची घडी किंचित बदलते आणि शेजारच्या रेणूवर एक तेलकट खोबण उघडी पडते. व्हॅलीन नेमकं त्या खोबणीत जाऊन बसतं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू जोडले जाऊन लांब ताठ तंतू तयार होतात आणि मऊ, लवचिक पेशी आतून ताणली जाऊन वाकडी होते. असं वारंवार झालं की ती कायमची वाकडी राहते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. त्यातून रक्तक्षय होतो. बारीक रक्तवाहिन्यांत वाकड्या पेशी अडकतात, पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडांत, छातीत, पोटात अशा कळा येतात की मोठी माणसंही रडतात. प्लीहा लहानपणीच निकामी होते, त्यामुळे साधा न्यूमोनियाही जिवावर बेतू शकतो. हे सगळं एसएस असलेल्या, म्हणजे दोन्ही पालकांकडून सिकलचं जनुक मिळालेल्या माणसाचं. एएस म्हणजे वाहक: एका पालकाकडून नेहमीचं जनुक, दुसऱ्याकडून सिकलचं. त्याच्या पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन नेहमीचं असतं, तंतू सहसा जमत नाहीत आणि तो शेतात राबतो, धावतो, म्हातारा होतो. वाहक रुग्ण नाही. ही गोष्ट सरकारी फलकांवर आणखी मोठ्या अक्षरांत लिहिली जावी असं मला मनापासून वाटतं.

आता उत्क्रांतीचा प्रश्न. एसएस मुलं उपचारांच्या अभावी पूर्वी लहानपणीच दगावत. आपल्यामागे संतती न ठेवता ती जात, म्हणजे त्यांच्याबरोबर सिकलच्या दोन-दोन प्रती जात. मग हे जनुक हजारो वर्षांत संपून कसं गेलं नाही? आपल्याच राज्यातल्या काही आदिवासी समूहांत दर पाच माणसांत एक वाहक कसा सापडतो?

उत्तर केनियात लहानाचे मोठे झालेल्या अँथनी अ‍ॅलिसन या तरुण डॉक्टरांना सुचलं. १९४९ साली ते पूर्व आफ्रिकेत रक्ताचे नमुने गोळा करत होते. समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपास वाहकांचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर होतं आणि मधल्या थंड डोंगराळ मुलखात एक टक्क्याहूनही कमी. जमात कोणती, भाषा कोणती, याच्याशी या फरकाचा मेळ बसेना. डासांशी बसला. जिथे मलेरिया, तिथे सिकल. पुढे युगांडात त्यांनी २९० मुलांचं रक्त तपासलं. सिकलचं जनुक नसलेल्या २४७ मुलांपैकी ११३ जणांच्या रक्तात मलेरियाचे परजीवी होते. जनुक असलेल्या ४३ पैकी १२ जणांच्या. १९५४ साली हे प्रसिद्ध झालं आणि पुष्कळांना ते पटलं नाही. आज त्याविषयी शंका राहिलेली नाही. फाल्सिपेरम मलेरियाच्या जिवावर बेतणाऱ्या रूपापासून वाहकाला सुमारे ९० टक्के संरक्षण मिळतं. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तरोगाबद्दल असाच तर्क १९४८ मध्येच मांडला होता. हे हाल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

हा हिशेब एका काल्पनिक गावावर करून पाहू, कारण उत्क्रांती आकड्यांत जितकी स्पष्ट दिसते तितकी वर्णनात दिसत नाही. मलेरियाने ग्रासलेल्या गावात शंभर मुलं जन्मली. ८१ एए, म्हणजे दोन्ही जनुकं नेहमीची असलेली, १८ एएस, १ एसएस. त्यांच्यात मिळून नेहमीच्या जनुकाच्या १८० प्रती आणि सिकलच्या २० प्रती. ते एक एसएस मूल दगावलं. सिकलच्या २० पैकी २ प्रती गेल्या. ८१ एए मुलांपैकी ९ जणांना मलेरियाने नेलं. नेहमीच्या १८० पैकी १८ प्रती गेल्या. दोन्हीकडे दहावा हिस्सा गेला. पुढच्या पिढीत प्रमाण होतं तेच. मलेरिया याहून कडक असेल तर सिकलचं प्रमाण वाढेल, सौम्य असेल तर घटेल. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच. तिच्यामागे हेतू नाही, योजना नाही. मलेरिया आला म्हणून शरीराने जनुक बदलून घेतलं असं कधी घडत नाही. अक्षराची चूक डीएनएची नक्कल होताना होते, गरज असो वा नसो. तशा असंख्य चुका होतात, बहुतेकींचा काहीच परिणाम होत नाही, काही घातक ठरून नाहीशा होतात आणि एखादी एखाद्या मुलखात तगून राहते.

त्या गावातली नऊ मुलं ‘निर्दोष’ रक्ताची होती आणि मलेरियाने गेली. रक्त चांगलं की वाईट हे डास किती आहेत यावर ठरत असेल, तर कुठल्याही समाजाच्या रक्ताला ‘खराब’ म्हणण्याला अर्थ उरत नाही. ज्या समूहांत आज सिकल आढळतो त्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाच्या जंगलांत राहिले आणि तगले, एवढंच ते जनुक सांगतं. गडचिरोलीचा वाटा राज्यातल्या मलेरियात आजही मोठा आहे. मात्र याच्या उलट टोकालाही कुणी जाऊ नये. सिकल हे ‘निसर्गाचं वरदान’ आहे असं मी कळांनी तळमळणाऱ्या मुलाच्या आईसमोर कधीही म्हणणार नाही. तो हिशेब समूहाचा आहे. त्या एका मुलाच्या वाट्याला त्यातलं काहीही येत नाही.

हिमोग्लोबिनच्या जनुकाचा इतिहास मलेरियाहून कितीतरी जुना आहे. अल्फा आणि बीटा साखळ्यांची जनुकं एकाच जुन्या जनुकाच्या दुहेरी नकलेतून निघाली. एक प्रत जुनं काम सांभाळत राहिली, दुसरीला बदलायला मोकळीक मिळाली. माणसाची आणि चिंपांझीची बीटा साखळी १४६ च्या १४६ जागांवर सारखी आहे. गोरिलाची एका जागी वेगळी. हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्या जलाशयांवर उतरणारा पट्टकदंब हंस घ्या: त्याच्या अल्फा साखळीत ११९ व्या जागी प्रोलीनऐवजी अ‍ॅलनीन आहे आणि त्यामुळे त्याचं हिमोग्लोबिन विरळ हवेतही ऑक्सिजन घट्ट पकडतं. त्याच्या आणि आपल्या एसएस रुग्णाच्या बदलाचा प्रकार एकच आहे, एका जागेवर एक अमिनो आम्ल बदलणं. भुईमुगाच्या मुळावरची गाठ फोडून पाहिलीत तर आत गुलाबी रंग दिसेल. तो हिमोग्लोबिनच्या कुळातल्या प्रथिनाचा आहे आणि ते प्रथिन घडवणारं जनुक भुईमुगाचं स्वतःचं आहे. शंभर कोटी वर्षांहून जुनं हे कूळ आहे. माझ्या मते उत्क्रांतीचा याहून सुबक पुरावा शेताच्या बांधावर मिळणार नाही.

या कुळातलं आणखी एक जनुक आपल्या कामाचं आहे. गर्भात असताना बाळ बीटाऐवजी गॅमा नावाची साखळी वापरतं. त्या गर्भ-हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट असते, म्हणून वारेतून ऑक्सिजन बाळाकडे जातो. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचं जनुक मिटतं आणि बीटाचं उघडतं. १९४८ साली न्यूयॉर्कच्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञांनी नोंदवलं, की सिकलच्या नवजात बाळांच्या पेशी फारशा वाकड्या होत नाहीत आणि त्याचं श्रेय गर्भ-हिमोग्लोबिनला असावं. गॅमा साखळीत ते सहाव्या जागेवरचं व्हॅलीन नसतं, त्यामुळे ती तंतू जमू देत नाही. भारतातल्या आणि पूर्व अरबस्तानातल्या अनेक सिकल रुग्णांत हे गर्भ-हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं, कारण त्यांच्या सिकल जनुकाच्या शेजारचा डीएनए वेगळा आहे. म्हणून एकच अक्षर बदललेलं असूनही एका एसएस रुग्णाला महिन्याआड दवाखाना गाठावा लागतो आणि दुसरा चाळिशीपर्यंत कामावर जातो. हायड्रॉक्सियुरिया या स्वस्त गोळीचा मुख्य परिणाम हाच, की ती गर्भ-हिमोग्लोबिन वाढवते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटनने आणि अमेरिकेने मान्य केलेला क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राचा उपचारही सहावी जागा दुरुस्त करत नाही. रुग्णाच्याच मूळपेशी काढून, गॅमाला मिटवून ठेवणारा अडसर सैल करून त्या परत शरीरात सोडल्या जातात. त्याची किंमत आज आपल्या रुग्णाच्या आवाक्यात नाही, गोळीची आहे. आणि ती गोळी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने मिळालीच पाहिजे.

मलेरिया हटला की सिकल आपोआप हटेल का, असं कुणी विचारतं. आपल्या गावाकडे परत जाऊ. तिथे सिकलच्या प्रती १० टक्के होत्या. समजा मलेरिया पूर्ण गेला आणि उपचार मात्र कसलेच नाहीत. तर हे प्रमाण १० वरून ५ टक्क्यांवर यायला दहा पिढ्या लागतील, म्हणजे अडीचशे वर्षं. निवड एवढी संथ असते, कारण बहुतेक प्रती निरोगी वाहकांमध्ये सुखरूप असतात. तेव्हा निसर्गावर सोडून चालणार नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं. तपासणी हवीच. पण हातात तपासणीच्या निकालाचं कार्ड देऊन समजावून न सांगणं म्हणजे माणसाला खूण करून सोडून देणं होय. एएस मुलीचं लग्न एए मुलाशी झालं तर त्यांच्या एकाही मुलाला एसएस आजार होणार नाही, निम्मी मुलं वाहक असण्याची शक्यता राहील, इतकंच. हे तिच्या सासरी कुणीतरी नीट बसून सांगायला हवं. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता एसएसची. ‘पहिलं झालं, आता पुढची तीन सुटली’ असा त्याचा अर्थ नाही. प्रत्येक वेळी शक्यता तेवढीच. अशा जोडप्याला गर्भातली तपासणी कुठे होते हे कळलं पाहिजे, आणि पुढचा निर्णय त्यांचा.

आणि ज्या घरात दोघेही वाहक आहेत तिथे बाळ जन्मल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या टाचेतलं रक्त तपासलं गेलं पाहिजे. गॅमाचं जनुक त्या बाळाला साधारण सहा महिने सांभाळतं. त्या मुदतीत निदान झालं, तर पहिली कळ येण्याआधी आणि प्लीहा निकामी होण्याआधी पेनिसिलिन सुरू करता येतं, न्यूमोनियाची लस देता येते आणि ताप आला की थांबायचं नाही हे आईला शिकवता येतं.